मोठ्या शिकारीसाठी स्वस्तातली ठासणीची रायफल : अमेरिकेत ती निवडावी कशी?

अमेरिकेत हरणांच्या शिकारीचा हंगाम एकच एक नसतो. धनुष्यबाणासाठी वेगळे दिवस असतात, नेहमीच्या काडतुसी रायफलींसाठी वेगळे असतात, आणि त्याखेरीज बहुतेक राज्यांत नळीच्या तोंडातून दारू व गोळी ठासून भरायच्या बंदुकांसाठी आणखी काही दिवस राखून ठेवलेले असतात. या दिवसांत रानात माणसांची वर्दळ कमी असते. कोलोरॅडोत तर हा हंगाम सप्टेंबरच्या मध्यावर, म्हणजे एल्क जातीच्या मोठ्या हरणांचे नर माजावर येऊन ओरडत फिरत असतात त्याच सुमारास येतो. त्यामुळे घरात चांगली काडतुसी रायफल असलेला माणूसही ठासणीची आणखी एक घ्यायला निघतो, आणि ती वर्षातून थोडेच दिवस वापरायची असल्याने तिच्यावर फार पैसा घालायची त्याची तयारी नसते.

ठासणीची बंदूक मराठी माणसाला अनोळखी नाही. कोकणात रानडुकरे आणि माकडे यांच्यापासून शेतीची राखण करण्यासाठी परवान्यावर बाळगलेल्या अशा बंदुका आजही काही घरांच्या माळ्यावर सापडतात. भारतात मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, म्हणून पुढचे सारे विवेचन अमेरिकेपुरते आणि तिथे रीतसर परवाना काढून शिकारीला जाणाऱ्यांपुरतेच आहे. कोकणातल्या त्या एकनळी बंदुकीशी अमेरिकी दुकानातल्या आजच्या ठासणीच्या रायफलीचे नाते दारू आणि ती ठासायचा गज, म्हणजे सळई, यांच्यापलीकडे फारसे उरलेले नाही, हेही सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

आधी नियम, मग बंदूक

नवखा माणूस पहिली चूक करतो ती दुकानात शिरण्याआधीच. तो किमतींची तुलना करून बंदूक ठरवतो आणि मग आपल्या राज्याचे नियमपुस्तक उघडतो. वास्तविक क्रम याच्या नेमका उलटा हवा, कारण ‘ठासणीची बंदूक’ या नावाखाली काय चालते आणि काय चालत नाही, हे प्रत्येक राज्य आपापल्या परीने ठरवते, आणि एका राज्यात सर्रास चालणारी बंदूक शेजारच्या राज्यात त्या हंगामात नेताच येत नाही.

फरक मुख्यतः बार पेटवण्याच्या रीतीचा आहे. सर्वांत जुनी रीत चकमकीची: घोड्याच्या जबड्यात धरलेली गारगोटी पोलादी पट्टीवर घासते, ठिणग्या उघड्या कटोरीतल्या बारीक दारूत पडतात आणि तिथून आग एका छिद्रावाटे नळीत शिरते. दुसरी रीत टोपीची: एका पोकळ बोंडावर तांब्याची चिमुकली टोपी बसवायची, घोडा तिच्यावर आपटला की टोपीतला मसाला भडकतो. तिसरी आणि आज सर्वाधिक खपणारी रीत म्हणजे ‘इनलाइन’. तिच्यात पेटवणारा प्रायमर नळीच्या बुडाशी, दारूच्या अगदी सरळ रेषेत बसतो, त्यामुळे आगीला वळण घ्यावे लागत नाही आणि ओल शिरायला वाव कमी राहतो. मिसूरीचे बंदूक कारागीर टोनी नाइट यांनी १९८५ मध्ये बाजारात आणलेल्या एमके-८५ या रायफलीने ही पद्धत लोकप्रिय केली. पुढे तिच्यात शॉटगनच्या काडतुसांचा ‘२०९’ क्रमांकाचा प्रायमर आला, आणि थंडी-पावसात बार न उडण्याची जुनी कटकट बरीचशी मिटली.

आता हेच तीन प्रकार राज्याराज्यांच्या नियमांसमोर ठेवून पाहावेत. पेनसिल्व्हेनियात नाताळानंतर येणारा जो हंगाम १९७४ पासून चालत आला आहे, तो केवळ चकमकीच्या बंदुकांसाठी आहे. तिथे इनलाइन घेऊन गेलेला माणूस गुन्हेगार ठरतो. आयडाहोत खास ठासणीच्या हंगामात बार पेटवण्याची जागा उघडी दिसणारी असावी लागते, २०९ प्रायमर चालत नाही, बंदुकीवर नेमासाठी बसवलेली दुर्बीण चालत नाही, आणि गोळीभोवतीचे प्लॅस्टिकचे आवरण किंवा दारूच्या तयार वड्याही चालत नाहीत. कोलोरॅडोत इनलाइन आणि २०९ दोन्ही चालतात, मात्र दुर्बिणीला मनाई आहे, दारू सुटीच हवी, प्लॅस्टिकच्या आवरणातली गोळी नको, आणि एल्कसाठी नळीचा व्यास निदान अर्धा इंच, म्हणजे .५० कॅलिबर, असायला हवा, हरणाला .४० पुरते. उलट पूर्वेकडच्या आणि मध्य-पश्चिमेकडच्या अनेक राज्यांत यांपैकी बहुतेक गोष्टींना आडकाठी नाही. हे नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून त्या त्या वर्षाची पुस्तिका पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

दुकानात स्वस्त ‘जोडसंच’ म्हणून जे खोके मांडलेले असते, त्यातली मेख इथेच कळते. बंदूक, दुर्बीण आणि पिशवी असे सारे एका किमतीत देणाऱ्या त्या संचातल्या कित्येक नळ्यांवर नेम धरण्यासाठीची पुढची माशी आणि मागची खाच मुळात बसवलेलीच नसते. ओहायोत शिकार करणाऱ्याचे त्यावाचून काही अडत नाही. कोलोरॅडोचा परवाना काढलेल्याला मात्र दुर्बीण उतरवून ठेवावी लागते, आणि मग माशी-खाच वेगळी विकत घेऊन बसवण्याचा खर्च अंगावर पडतो. अशा माणसाने थोडी अधिक किंमत पडली तरी माशीसह येणारीच बंदूक मागावी. वायव्येकडच्या राज्यांसाठी काही कंपन्या ‘नॉर्थवेस्ट’ या नावाने वेगळ्या आवृत्त्या काढतात. त्यांत पेटवण्याची जागा उघडी असते आणि २०९ ऐवजी टोपी लागते.

तीनशे डॉलरमध्ये काय मिळते, काय मिळत नाही

ज्याच्या राज्यात इनलाइन चालते, त्याच्यासाठी स्वस्ताईची सुरुवात साधारण अडीचशे ते साडेतीनशे डॉलरच्या घरात होते. सीव्हीए कंपनीची वुल्फ आणि ट्रॅडिशन्सची बकस्टॉकर ही या पट्ट्यातली नेहमी आढळणारी नावे. दोन्हींची नळी २४ इंची, कॅलिबर .५०, आणि दोन्ही मधोमध मोडून उघडणाऱ्या. दोन्ही कंपन्यांच्या बंदुका बनतात स्पेनच्या बास्क प्रांतात, जिथे बंदुका घडवण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यामुळे स्वस्त म्हणजे कच्चा माल, हा समज इथे लागू पडत नाही. थोडे वर, चारशे डॉलरच्या आसपास गेल्यास सीव्हीएचीच ऑप्टिमा मिळते. तिची नळी २६ इंची आणि गंज न धरणाऱ्या पोलादाची असते. त्याहून वरच्या श्रेणीत किंमत सहाशेच्या पुढे सरकते.

मग जास्तीचे पैसे नेमके कशाचे? माझ्या मते त्यातला खरा उपयोगाचा हिस्सा एकच आहे, तो म्हणजे नळीचे पोलाद. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन राखेच्या रूपाने मागे उरतो, त्यातले क्षार हवेतली ओल शोषून घेतात, आणि साध्या निळसर पोलादाची नळी एका दमट रात्रीतही तांबारू शकते. बंदूक घरी आणताच साफ करण्याची शिस्त ज्याला नाही, त्याने स्टेनलेस नळीसाठी पन्नास-शंभर डॉलर जास्त मोजावेत, हे त्याच्या फायद्याचेच आहे. शिस्त असलेल्याने ते वाचवून दारू-गोळीवर खर्चावेत. बाकी वाढीव किंमत चापाचा हलकेपणा, दस्त्यावरची रबरी पकड, झाडांच्या पानांची नक्षी छापलेले रंगकाम अशा गोष्टींची असते. चाप हलका असणे नेम साधायला मदत करते हे खरे. पानांची नक्षी मात्र हरणापेक्षा गिऱ्हाइकासाठीच असावी.

हातात घेतल्यावर पाहायची सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे नळीच्या बुडाशी असलेला पेचाचा बूच, ज्याला ब्रीच प्लग म्हणतात. प्रायमर याच्यातच बसतो, आग याच्यातूनच दारूत जाते, आणि साफसफाईच्या वेळी हाच काढला की नळी दोन्ही बाजूंनी मोकळी होते. दुकानदाराला तो काढून दाखवायला सांगावे. अलीकडच्या अनेक बंदुकांत तो नुसत्या बोटांनी फिरतो. जुन्या धाटणीच्या काहींना पान्हा लागतो. रात्री तंबूत, बोटे गारठलेली असताना, पान्हा शोधत बसण्यापेक्षा बोटांनी निघणारा बूच केव्हाही बरा. त्याच्या आट्यांना प्रत्येक वेळी बसवण्याआधी खास वंगण लावावे लागते. ते विसरले तर जळक्या क्षारांनी आटे एकमेकांत असे जाम होतात, की मग बंदूक कारागिराकडे न्यावी लागते आणि स्वस्ताईचा हिशेब तिथेच चुकतो.

गोळीचे गणित बंदुकीहून अवघड नाही, पण त्याची सांगड नळीशी घालावी लागते. नळीच्या आत पिळदार चर कोरलेले असतात आणि त्यांच्यामुळे गोळी फिरत जाते. किती इंचांत एक पूर्ण वळसा होतो, यावर त्या नळीला कुठली गोळी मानवेल हे ठरते. कापडी चकतीत गुंडाळून ठासायच्या गोल शिशाच्या गोळीला सावकाश पीळ हवा, साधारण ६६ इंचांत एक वळसा. लांबट गोळीला वेगाने फिरावे लागते, म्हणून तिच्यासाठी २८ इंचांचा पीळ. ४८ इंचांचा पीळ ही दोघांच्या मधली तडजोड. वर सांगितलेल्या स्वस्त इनलाइन बंदुकांचा पीळ २८ चा असतो, म्हणजे त्या लांबट गोळीसाठीच आहेत. पेनसिल्व्हेनियातल्या चकमकीच्या हंगामाला जाणाऱ्याने गोल गोळी वापरायची ठरवली असेल, तर त्याने पिळाचा आकडा आवर्जून विचारावा.

गोल गोळीबद्दल एक इशारा द्यायला हवा. .५० च्या नळीतली अशी गोळी सुमारे १७७ ग्रेन (वजनाचे एक बारीक माप) वजनाची असते. ती सेकंदाला १८०० फुटांच्या वेगाने निघाली तरी शंभर यार्डांवर तिचा वेग हजार फुटांच्या जवळपास उतरतो आणि मारकशक्ती सुरुवातीच्या साधारण एक तृतीयांशावर येते. तोच वेग घेऊन निघालेल्या २५० ग्रेनच्या लांबट गोळीत नळीच्या तोंडाशीच अठराशे फूट-पाउंडांच्या आसपास ऊर्जा असते आणि ती पुढेही बरीच टिकते. हरणासाठी हजार आणि एल्कसाठी दीड हजार फूट-पाउंड ऊर्जा लक्ष्यापाशी उरावी, असा शिकारी मंडळींचा ढोबळ दंडक आहे. एल्क हे आपल्या सांबरापेक्षाही थोराड जनावर, पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या वर भरतो, तेव्हा त्याच्यासाठी .५० ची लांबट, वजनदार गोळी आणि कमी अंतर हाच शहाणपणाचा मार्ग. जनावर जखमी होऊन रानात पळून जाणे कुणालाच नको असते.

पूर्वेकडे लोकप्रिय असलेली सॅबो नावाची प्लॅस्टिकची वाटी म्हणजे .४५ व्यासाची गोळी .५० च्या नळीत घट्ट बसवण्याची युक्ती. नळीबाहेर पडताच वाटी गळून पडते. जिथे तिला मनाई आहे, तिथे नळीच्या पुऱ्या व्यासाची शिशाची लांबट गोळी घ्यावी. कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिसेच वर्ज्य आहे आणि हा नियम ठासणीच्या बंदुकांनाही लागू आहे, त्यामुळे सॅन होजेच्या बाजूला राहणाऱ्या वाचकांना तांब्याच्या, महाग पडणाऱ्या गोळ्यांचा खर्च आधीच धरावा लागेल.

दारूचा हिशेब

खरी काळी दारू म्हणजे पाऊणभाग सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक. ती स्फोटक गणली जात असल्याने प्रत्येक दुकानात ठेवत नाहीत, आणि चकमकीच्या बंदुका सोडल्या तर तिच्यावाचून अडतही नाही. इनलाइनसाठी पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन, ब्लॅकहॉर्न २०९ अशा पर्यायी दारू मिळतात. पहिल्या दोन वड्यांच्या रूपातही येतात. ५० ग्रेनची एक वडी, दोन टाकल्या की शंभर. मोजमापाची कटकट नाही, थरथरत्या हातांनीही भरता येते, आणि शंभर वड्यांच्या डबीत पन्नास बार होतात. ब्लॅकहॉर्न ही नेहमी सुटीच मिळते आणि घाण फार कमी करते, त्यामुळे दोन बारांच्या मध्ये नळी पुसत बसावे लागत नाही. मात्र ती महाग आहे, तिला २०९ प्रायमरच लागतो, आणि काही बंदुकांना तिच्यासाठी ब्रीच प्लगही वेगळा घ्यावा लागतो.

ग्रेन हा शब्द इथे दोन अर्थांनी येतो आणि नवख्याची फसगत होते. गोळीच्या बाबतीत ते वजन असते. दारूच्या बाबतीत मात्र ते मापट्याने मोजलेले आकारमान असते, काळ्या दारूशी तुलना करून ठरवलेले. ‘शंभर ग्रेन’ ब्लॅकहॉर्न तराजूवर ठेवली तर सत्तरच्या आसपास भरते. ज्याने ती तराजूवर शंभर तोलून घातली, त्याने ठरल्याहून कितीतरी अधिक दारू भरली असे होईल. म्हणून दारूचे मापटे वेगळे विकत घ्यावे. ते पंधरा-वीस डॉलरांत मिळते आणि या साऱ्या खरेदीत त्याहून मोलाची वस्तू क्वचितच असेल.

शंभर ग्रेन दारू बहुतेक हरणांना आणि एल्कलाही पुरते. दीडशेपर्यंत ‘मॅग्नम’, म्हणजे जादा दारूचा बार, भरता येईल असे खोक्यावर ठळक छापलेले असते, पण २४ इंची नळीत ती सगळी कामी येत नाही, खांद्याला बसणारा धक्का वाढतो आणि नेम बिघडतो. आणि काहीही झाले तरी नेहमीच्या काडतुसांतली धूरविरहित दारू या बंदुकीत घालू नये. तिचा दाब या नळ्यांना पेलवत नाही. नळी फुटते आणि जीव जातो.

भरण्याची कृती थोडक्यात अशी. नळी रिकामी असल्याची खात्री करून घ्यावी. गज आत घालावा आणि तोंडाशी जिथे तो बाहेर दिसतो तिथे खूण करावी. पुढे योग्य तो बार भरल्यावर दुसरी खूण करावी. या दोन खुणा म्हणजे बंदूक भरलेली आहे की रिकामी, आणि गोळी पुरती खाली बसली आहे की नाही, हे रानात क्षणात सांगणारी पट्टी. गोळी दारूवर घट्ट टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगण्याचा किंवा फुटण्याचा धोका असतो, आणि घाणीने जड झालेल्या नळीत गोळी मध्येच अडकून असे होणे मुळीच दुर्मीळ नाही. प्रायमर अगदी शेवटी, शिकारीच्या जागी पोचल्यावरच बसवावा. चाप ओढूनही बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान एक मिनिट थांबावे, कारण दारू धुमसत राहून बार उशिरा उडू शकतो.

जुनी घ्यावी का?

घ्यावी, पण नळीच्या तोंडावर नजर ठेवून. पांढरे सुती फडके गजाला लावून नळीत फिरवावे. ते तांबूस निघाले, किंवा मध्ये कुठे अडखळले, तर किंमत कितीही कमी असो, सौदा सोडून द्यावा. ब्रीच प्लग काढायला लावावा. तो निघत नसेल आणि विकणारा ‘घरी तेल घालून निघेल’ म्हणत असेल, तर त्याच्याकडेच तो निघू द्यावा. बूच निघाला की नळीतून उजेडाकडे पाहावे: चर कडेपर्यंत तीक्ष्ण दिसले पाहिजेत, आणि दारू जिथे जळते त्या बुडाच्या दोन-तीन इंचांत खड्डे नसावेत, कारण गंज बहुधा तिथूनच सुरू होतो. सीव्हीएच्या जुन्या इनलाइन बंदुकांवर क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे ९५ किंवा ९६ असतील, तर ती वापरू नये; त्या मालिकेतल्या बंदुका कंपनीने १९९७ मध्ये परत मागवल्या होत्या, आणि त्यांतल्या काही अजूनही हातोहात फिरत असतात.

खरेदीच्या कायद्याबाबत थोडे सांगणे भाग आहे, विशेषतः कामाच्या व्हिसावर तिकडे गेलेल्यांसाठी. १९६८ च्या संघीय कायद्याप्रमाणे, फक्त काळी दारू किंवा तिचा पर्याय वापरणारी आणि तयार काडतूस न चालणारी ठासणीची बंदूक ‘फायरआर्म’ या व्याख्येत बसत नाही, म्हणून अनेक राज्यांत ती टपालाने घरी मागवता येते. मात्र नळी बदलून काडतुसी रायफल करता येईल अशा सांगाड्याची बंदूक या सवलतीत येत नाही. शिवाय राज्यांचे कायदे स्वतंत्र आहेत. न्यू जर्सीत तिच्यासाठी खरेदीचे ओळखपत्र लागते. स्थलांतरित नसलेल्या व्हिसाधारकांवर शस्त्र बाळगण्याबाबत संघीय बंधने आहेत, तेव्हा बंदूक मागवण्याआधी आपल्या राज्याच्या नियमांची खातरजमा वकिलाकडून करून घेणे, हा त्या खरेदीच्या खर्चाचाच भाग समजावा.

साडेतीनशे डॉलरची बंदूक घेतली की प्रायमर, गोळ्या, दारू, मापटे, साफसफाईचे सामान आणि जिथे चालते तिथे दुर्बीण धरून आणखी दोनशे डॉलर सहज जातात, आणि त्यांतले बहुतेक नेम लावण्याच्या सरावात खर्च व्हावेत असे मला वाटते. हा सराव करताना पहिला बार स्वच्छ, कोरड्या नळीतून उडवावा आणि तो कागदावर कुठे लागतो हे वेगळे टिपून ठेवावे, कारण घाण झालेल्या नळीतले पुढचे बार थोडे सरकून लागतात, आणि रानात जनावर समोर आल्यावर बहुधा तो पहिलाच बार कामी येत असतो. सराव संपला की त्याच संध्याकाळी गरम पाणी व साबणाने नळी धुवावी, कोरडी पुसावी, हलका तेलाचा हात द्यावा, आणि पुढच्या खेपेस दारू भरण्याआधी ते तेल पुसून, नुसता एक प्रायमर उडवून आगीची वाट मोकळी करून घ्यावी.